ट्रकमध्ये 58,000 रुपयांची अँड्रॉइड सिस्टीम : हप्त्यावर घ्यावी का?

प्रश्न : माझा 28 टनी दहाचाकी ट्रक आहे. जालना एमआयडीसीतून सळई भरून नांदेड, परभणी, लातूरला जातो. परतीला मोंढ्यातून सोयाबीन किंवा जो मिळेल तो माल. महिन्याला साधारण 6,000 किलोमीटर होतात. गाडीचा हप्ता 52,000, अजून 22 महिने बाकी. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा पगार-भत्ता, हप्ता आणि घरखर्च जाऊन महिन्याला 24,000 उरतात. बँकेत 65,000 आहेत. विमा तीन महिन्यांनी संपतो, मागच्या वर्षी 72,000 भरला होता. ड्रायव्हर म्हणतो, जुना टेप काढून मोठ्या पडद्याची सिस्टीम बसवा. नकाशा दिसेल, मागचं दिसेल, गाणी लागतील. दुकानदाराने दर दिला तो असा : 10 इंची अँड्रॉइड डेक 22,000, अॅम्प्लिफायर-वूफर-चार स्पीकर 16,500, मागचा एक आणि बाजूचे दोन कॅमेरे 11,500, कन्व्हर्टर-वायरिंग-मजुरी 8,000. एकूण 58,000. फ्लॅट 12 टक्क्यांनी 24 हप्ते, महिना 2,997. बचतीला हात न लावता हप्त्यावर घ्यावं असं वाटतं. बरोबर आहे का?

उत्तर : मागचा कॅमेरा आत्ताच, रोखीने घ्या. मोठा पडदा विमा भरून झाल्यावर बघू. अॅम्प्लिफायर आणि वूफर अजिबात नको. कर्जावर तर यातलं काहीही नको.

आधी तुमचे 24,000 पाहू. त्यात टायर आणि विमा धरलेले दिसत नाहीत. दहा टायर, एक 22,000 चा धरला आणि 80,000 किलोमीटर चालला, तर किलोमीटरमागे 2 रुपये 75 पैसे झिजतात. 6,000 किलोमीटरला ते 16,500 होतात. मागचे टायर रिमोल्ड करून, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून, चालवत असाल तर हा आकडा 2 रुपयांवर, म्हणजे महिना 12,000 वर येईल. विम्याचे 72,000 बाराने भागले की 6,000. म्हणजे नवे टायर टाकणाऱ्याच्या हातात खरे 1,500 उरतात आणि रिमोल्ड करणाऱ्याच्या 6,000. त्यातून ब्रेक लायनर, क्लच, ग्रीसिंग आणि फिटनेसच्या वेळची कामं अजून वजा व्हायची आहेत. अशा हिशोबात 2,997 चा आणखी एक हप्ता बसत नाही. बँकेतले 65,000 बचत वाटतात, पण तीन महिन्यांनी विमा भरायला तेही पुरे पडणार नाहीत. तुमच्या वजनगटातल्या मालवाहू गाडीला नुसत्या थर्ड पार्टीचा दर 2022 च्या तक्त्यानुसार 43,950 आहे. त्यावर जीएसटी, आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता वेगळा.

आता 'फ्लॅट 12 टक्के'. 58,000 वर दोन वर्षांचं व्याज 13,920 लावून एकूण 71,920 घेतात. दर महिन्याला मुद्दल फिटत जातं, तरी व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर चालू राहतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. प्रोसेसिंग फी असेल तर आणखी वर. आणि एखाद्या महिन्यात ट्रान्सपोर्टवाल्याकडून भाडं उशिरा आलं, हप्ता बाउन्स झाला, तर दंड लागतोच. शिवाय तीन हजारांच्या त्या हप्त्याने सीबिल खराब होतं. बावीस महिन्यांनी दुसरी गाडी घ्यायचा विचार असेल तर तीच नोंद तिथे आडवी येते.

कोणी सांगेल की धंद्याचा खर्च आहे, टॅक्समध्ये निघेल. दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेले बहुतेक गाडीमालक अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे ज्याला आपण 44एई म्हणत आलो त्यात, रिटर्न भरतात. 12 टनांवरच्या गाडीला त्यात टनामागे महिना 1,000 रुपये उत्पन्न धरतात. तुमच्या 28 टनाला वर्षाचे 3,36,000. खर्च आणि घसारा त्यातच धरलेला असतो, वेगळा वजा करता येत नाही. डेकच्या बिलाने तुमचा एक रुपयाही टॅक्स वाचणार नाही.

पैशांइतकाच महत्त्वाचा भाग विजेचा आहे, कारण दुकानदाराच्या दरात न दिसणारा सगळ्यात मोठा खर्च तिथे लपला आहे. तुमची गाडी 24 व्होल्टवर चालते : 12-12 च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. अँड्रॉइड डेक आणि अॅम्प्लिफायर मात्र कारसाठी, म्हणजे 12 व्होल्टसाठी बनलेले असतात. म्हणून मध्ये 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लागतो. दुकानातून सहसा 10 अँपिअरचा मिळतो, म्हणजे 120 वॅट. एकट्या डेकला तो पुरतो. अॅम्प्लिफायरने खोक्यावर लिहिलेल्या आकड्याच्या निम्मे, समजा 300 वॅट जरी ओढले, तरी 12 व्होल्टवर 25 अँपिअर झाले. कन्व्हर्टर तापतो, आवाज फुटतो, डेक मध्येच बंद पडून चालू होतो. मग वायरमन सोपा मार्ग काढतो : दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून, म्हणजे एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढतो.

इथून नुकसान सुरू होतं. अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना मिळून 28 व्होल्टच्या आसपास चार्ज करतो, कोणती किती रिकामी आहे हे त्याला कळत नाही. जिच्यावरून गाणी चालतात ती कायम अर्धवट भरलेली राहते, तिच्या प्लेटांवर सल्फेट चढतं. दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते, तिचं पाणी उडतं. काही महिन्यांत सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. एक नवी आणि एक जुनी अशी जोडी चालत नाही, म्हणून दोन्ही एकदम बदलाव्या लागतात. एक 13,000 ची धरा, 26,000 गेले. वर सळई भरलेली गाडी रस्त्यात उभी राहिली तर तो दिवस वेगळाच. म्हणून अॅम्प्लिफायरला माझा ठाम नकार आहे. 16,500 चा तो भाग 42,500 पर्यंत जाऊ शकतो.

तुमच्या गाडीत आधीच कोणी असा मधला जोड घेतला आहे का, हे आजच तपासा. रात्रभर गाडी बंद ठेवून सकाळी मल्टिमीटरने दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. भरलेली बॅटरी 12.6 ते 12.7 दाखवते. दोघींत 0.2 व्होल्टहून जास्त फरक असेल तर मधल्या जोडावरची प्रत्येक वायर शोधून काढा. मोबाईल चार्जर, पंखा, देवासमोरची लाइट असं बरंच काही तिथे निघतं.

आता नकाशा. जालना-नांदेड, जालना-लातूर हा रस्ता तुमच्या ड्रायव्हरच्या पायाखालचा आहे. तिथे पडदा काही कमावून देणार नाही. नव्या गावाला परतीचं भाडं मिळालं तर नकाशा लागतो, पण तो हातातल्या फोनवर आहेच. अँड्रॉइड डेकही तोच नकाशा दाखवतो आणि इंटरनेट फोनच्याच हॉटस्पॉटवरून घेतो. हिशोब करून पाहा : चुकीच्या वळणाने 20 किलोमीटर फेरा पडला, गाडी लिटरला 4 देते, म्हणजे 5 लिटर, 90 च्या भावाने 450 रुपये. 22,000 वसूल व्हायला असे जवळजवळ 50 फेरे टळायला हवेत.

शिवाय पडदा कितीही मोठा असला तरी गूगलचा नकाशा कारचा रस्ता दाखवतो. ट्रकची उंची, वजन त्याला माहीत नसतं. रेल्वेखालची बुटकी मोरी, गावातली अरुंद पेठ यातून तो बिनदिक्कत नेतो. छत्रपती संभाजीनगरहून चाळीसगावकडे निघालात तर तो कन्नडचा औट्रम घाट सुचवू शकतो. त्या घाटातून जड वाहनांना 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बंदी घातली. अशा वेळी नांदगावकडून जायचं हे ड्रायव्हरला आधी माहीत असावं लागतं. समृद्धीवर इंटरचेंज चुकला तर पुढचा बराच लांब असतो, टोलही किलोमीटरवर लागतो. म्हणून निघण्याआधी बाहेर पडायच्या इंटरचेंजचं नाव कागदावर लिहून द्या. याला खर्च शून्य.

फोनसाठी मजबूत स्टँड आणि 12-24 व्होल्ट असं स्पष्ट लिहिलेला चार्जर घ्या. दोन्ही मिळून 1,200 च्या आत येतात. फक्त 12 व्होल्टचा कारचा चार्जर ट्रकच्या सॉकेटमध्ये लावला तर जळतो, कधी फोनही घेऊन जातो. स्टँड काचेवर नको. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात काचेमागचा फोन तापून चार्जिंगच थांबवतो. डॅशबोर्डवर खालच्या बाजूला, सावलीत बसवा. चालवताना फोनचा उपयोग फक्त रस्ता पाहण्यापुरता, तोही लक्ष विचलित होणार नाही असा. 2020 मध्ये बदललेला केंद्रीय नियम एवढीच मुभा देतो.

मागचा कॅमेरा मात्र माझ्या मते खरोखर पैसे वाचवतो. मोंढ्यात, मिलच्या आवारात रिव्हर्स घेताना एक टेल लॅम्प, दुसऱ्याच्या गाडीचा बंपर, आणि देव न करो, मागे उभा असलेला हमाल किंवा तुमचाच क्लीनर. त्यासाठी अँड्रॉइड डेकची गरज नाही. ट्रकसाठी 7 इंची वेगळे मॉनिटर मिळतात, ते 12 ते 24 व्होल्टवर थेट चालतात, कन्व्हर्टर लागतच नाही. मॉनिटर, रात्री दिसणारा पाणीरोधक कॅमेरा आणि 15 मीटरची चार पिनांची स्क्रू-कनेक्टरवाली केबल, सगळं 7,500 च्या आसपास बसतं. कारची पातळ पिवळ्या पिनेची केबल घेऊ नका. एवढ्या लांबीत चित्रात रेषा येतात आणि धक्क्यांनी पिन सुटते.

बसवताना उभं राहून पाहा. कॅमेरा फाळक्यावर, म्हणजे मागच्या उघडणाऱ्या झडपेवर नको, क्रेनने सळई उतरताना तिथे पहिला तोच फुटतो. मागच्या बंपरच्या वर, चासीच्या आडव्या पट्टीवर आत सरकवून लावा. केबल कोरुगेटेड पाइपमधून, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने, प्रोपेलर शाफ्टपासून दूर न्या आणि दर फुटावर टाय मारा. केबिनमध्ये शिरते त्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्रा केबल कापतो. रिव्हर्स लाइटच्या वायरवरून इशारा घेतला की गिअर पडताच चित्र येतं. फ्यूज जिथून वीज घेतली त्याच्या जवळ, वीतभर अंतरात असावा. तो मॉनिटरजवळ लावला तर मधली सगळी वायर बिनसंरक्षणाची राहते, आणि केबिनला आग लागते ती अशाच वायरीने.

ड्रायव्हरची गाण्यांची मागणी मी हलकी धरत नाही. चांगला ड्रायव्हर टिकणं हे तुमच्या धंद्याचं भांडवल आहे आणि रात्री एकट्याने गाडी हाकणाऱ्याला आवाजाची सोबत लागते. विमा भरून झाला की 24 व्होल्टचाच यूएसबी-ब्लूटूथ डेक आणि दारातल्या जागेत बसणारे दोन स्पीकर घ्या. 5,000 च्या आसपास. डेकमधलाच अॅम्प्लिफायर त्या केबिनला भरपूर होतो.

पुढे टायरांचे पैसे वेगळ्या खात्यात साठायला लागले आणि तरीही मोठा पडदा हवासा वाटला, तर तो रोखीने घ्या. तेव्हा एवढं सांभाळा : डॅशची खाच 180 बाय 100 मिलिमीटरची आहे का मोजा, नसेल तर फ्रेमचे पैसे दरात धरून घ्या. मूळ वायरिंग कापू न देता कपलर लावायला सांगा. कन्व्हर्टर चावी फिरवल्यावरच वीज सोडणाऱ्या रिलेवर घ्या, नाहीतर गाडी उभी असतानाही तो करंट पीत राहतो. डेकची लाल (चावीवर चालणारी) आणि पिवळी (बॅटरीवरून कायम चालू) वायर एकत्र पिळून जोडणारा फिटर असेल तर काम थांबवा. त्यात डेक कधी पूर्ण बंदच होत नाही. हँडब्रेकची वायर बॉडीला जोडून चालत्या गाडीत व्हिडिओ चालू करून देतो म्हणाला, तर स्पष्ट नाही म्हणा.

विम्याचं एक कलम आत्ताच पॉलिसी काढून वाचा. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत साधारणपणे असं असतं की गाडी चोरीला न जाता नुसती अॅक्सेसरी चोरीला गेली तर भरपाई नाही. ढाब्यावर रात्री काच फोडून 22,000 चा पडदा नेला तर तो तुमच्या खिशातून जातो, आणि हप्त्यावर घेतला असेल तर हप्ते तसेच चालू राहतात. अपघातात मोडला तर भरपाईसाठी वस्तू पॉलिसीत वेगळी नोंदवलेली लागते. त्याचा जादा हप्ता किमतीच्या साधारण 4 टक्के, म्हणजे 7,500 च्या कॅमेरा-मॉनिटरला 300 रुपये. त्यासाठी पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर मॉडेल, सीरियल नंबर आणि गाडीचा नंबर लिहून घ्या.

म्हणजे या महिन्यात कॅमेरा-मॉनिटर 7,500, स्टँड-चार्जर 1,200, मजुरी 1,300, मिळून 10,000 रोख. उरलेल्या 55,000 मध्ये विम्यासाठी आणखी 17,000 घालायचे आहेत. ते पुढच्या तीन महिन्यांच्या शिलकीतून, महिना 6,000 प्रमाणे बाजूला काढा. विम्याचं कोटेशन महिनाभर आधीच दोन-तीन कंपन्यांकडून मागवा आणि कॅमेरा त्यातच नोंदवायला सांगा.