वाचकांचे प्रश्न: एसजीपीटी नॉर्मल आहे, मग डॉक्टर फायब्रोस्कॅन का सांगतात?

प्रश्न: डॉक्टर, माझ्या बाबांचं वय 58, फोंड्याला आमचं किराणाचं दुकान आहे, शुगर बारा-तेरा वर्षांपासून. दारूचा थेंब नाही, सोमवारी आणि गुरुवारी मासळीपण नाही. चवथीच्या आधी त्यांना चार दिवस सडकून ताप आला, तो उतरल्यावर लगेच फुल बॉडी चेकअप केलं. एसजीपीटी 36 म्हणजे नॉर्मल, एसजीओटी 52, प्लेटलेट 1 लाख 42 हजार, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड 2. गेल्या वर्षी एसजीपीटी 36च होतं, एसजीओटी 44, प्लेटलेट 1 लाख 58 हजार. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात फायब्रोस्कॅन करून घ्या. बाबा म्हणतात मेन आकडा नॉर्मल आहे तर उगाच खर्च कशाला. कोणाचं ऐकायचं?
— एक मुलगी, फोंडा

उत्तर: ताई, डॉक्टरांचं ऐका. फायब्रोस्कॅन म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते बाहेरून मोजणारी टेस्ट. पण का ते बाबांना नीट समजलं तरच ते जातील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एसजीपीटी हे एन्झाइम लिव्हरच्या पेशींच्या आत असतं, पेशीला इजा झाली की ते रक्तात सांडतं, एसजीओटी हे त्याच्यासारखंच दुसरं एन्झाइम. म्हणजे पावसात कौलारू घरात आज पाणी गळतंय का एवढंच ते सांगतं, वरचे वासे किती कुजलेत ते नाही सांगत. फॅटी लिव्हरमध्ये खरी भीती असते ती फायब्रोसिसची, म्हणजे आत हळूहळू जे चट्टे पडत जातात त्यांची, आणि ते पडत असताना एसजीपीटी वर्षानुवर्षं नॉर्मल राहू शकतं, अगदी सिरॉसिस झालेल्या, म्हणजे चट्ट्यांनी लिव्हर पार कडक झालेल्या पेशंटचंसुद्धा नॉर्मल आलेलं असतं. सोनोग्राफीतला ग्रेड 2 पण चरबी किती दिसली ते सांगतो, चट्ट्यांबद्दल त्यातून काही कळत नाही. ग्रेड 1 वाचून निर्धास्त होणारे आणि ग्रेड 2 वाचून रात्रभर न झोपणारे, दोघंही चुकीच्या आकड्याकडे बघत असतात असं माझं स्पष्ट मत आहे.

आता प्लेटलेट. त्यांचा लिव्हरशी काय संबंध असं वाटेल, पण खूप आहे. लिव्हरमध्ये चट्टे वाढले की आतड्याकडून येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही, मागे प्रेशर वाढतं, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिथे अडकून राहतात, शिवाय प्लेटलेट बनवायला सांगणारं हार्मोन लिव्हरच बनवतं, तेपण कमी पडतं. म्हणून साध्या सीबीसीमधला, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतला, हा आकडा आम्ही लिव्हरसाठीपण वाचतो.

ह्या सगळ्याचा मिळून एक हिशोब आहे, फिब-4 म्हणतात. 2006 मध्ये तो एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या पेशंटसाठी काढला होता, नंतर फॅटी लिव्हरलापण उपयोगी पडला. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने, आणि प्लेटलेट हजारांत धरायच्या, म्हणजे बाबांच्या 142. 58 गुणिले 52 झाले 3016, खाली 142 गुणिले 6 (36 चं वर्गमूळ) म्हणजे 852, उत्तर 3.54. नवीन टेस्ट नको, जादा रक्त नको, जे रिपोर्ट घरात पडलेत त्यातूनच निघतं, आणि तरी बहुतेक लॅब ते छापत नाहीत ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

1.3 च्या खाली आलं तर मोठा फायब्रोसिस असण्याची शक्यता फार कमी, 65 च्या वर वय असेल तर ही खालची रेघ 2 धरतात. 2.67 च्या वर आलं तर पुढे तपासायलाच हवं. मधलं आलं तर नक्की सांगता येत नाही, फायब्रोस्कॅनसारखी दुसरी टेस्ट लागते. एक लक्षात ठेवा, हा हिशोब 'नाही' म्हणायला जास्त भरवशाचा आहे, 'आहे' म्हणायला तेवढा नाही. 3.54 आलं म्हणजे बाबांना सिरॉसिस झालं असं अजिबात नाही.

आणि तुम्ही तापाचं लिहिलंत ते फार बरं केलंत! गोव्यात पावसाळ्यात डेंग्यू असतोच, डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त चढतं, म्हणजे फिब-4 दोन्ही बाजूंनी फुगतं. तापानंतर लगेच काढलेल्या रक्तावर हा हिशोब करूच नये. पण म्हणून मी गेल्या वर्षीचे आकडे घेऊन बघितलं: 57 गुणिले 44, भागिले 158 गुणिले 6, येतं 2.65. तेव्हा ताप नव्हता असं धरलं तरी वरच्या रेघेला टेकलेलंच आहे. म्हणून पाच-सहा आठवड्यांनी, बाबा ठणठणीत असताना, सीबीसी आणि एलएफटी (लिव्हरच्या रक्ततपासण्या) परत करा, पण फायब्रोस्कॅन रद्द करू नका, तोपण त्याच सुमारास करा. सुई नाही, दुखत नाही, फक्त आधी तीनेक तास काही खायचं नाही, जेवून गेलात तर आकडा खोटाच वाढतो. 8 केपीएच्या (हे कडकपणा मोजायचं माप) खाली आलं तर निश्चिंत, 12 च्या वर गेलं तर लिव्हरच्या स्पेशालिस्टला दाखवायचं, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, गॅस्ट्रोची (पोट-लिव्हरची) ओपीडी आहे.

आल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची टेस्ट) पण त्याच वेळी करून घ्या, लिव्हर काम किती करतंय ते ह्या दोघांवरून कळतं. आणि हेपॅटायटिस बी आणि सी एकदा तरी तपासा, फॅटी लिव्हर दिसलं म्हणून दुसरं काही नसेलच असं नाही. सी निघाला तर बहुतेकांना साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, म्हणून तो तपासायचा राहिला तर मला फार लागतं.

शुगर असलेल्यांनी एसजीपीटी नॉर्मल असलं तरी फिब-4 काढावं असं अमेरिकेतल्या डायबिटीस असोसिएशनच्या गाइडलाइनमध्येपण आहे. बाबांना हे वाक्य वाचून दाखवा.

प्रश्न: माझ्या मिस्टरांचं वय 46, रोज संध्याकाळी घेतात. एसजीओटी 118, एसजीपीटी 49, जीजीटी 160. ते म्हणतात काजूची फेणी आहे, घरची, केमिकल नाही, तिने लिव्हर खराब होत नाही. खरं आहे का?
— डिचोली

उत्तर: नाही ताई. फेणीत साधारण 42 टक्के अल्कोहोल असतं आणि लिव्हरला पोचतं ते अल्कोहोलच, काजूचं असो की उसाचं.

रिपोर्टपण तेच सांगतोय. एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आहे, हा ढाचा दारूमुळे झालेल्या इजेत दिसतो, कारण दारू पेशीतल्या ज्या भागाला मारते तिथे एसजीओटी जास्त असतं आणि रोज पिणाऱ्यांत बी6 कमी पडल्याने एसजीपीटी फारसं चढतच नाही. म्हणून 49 बघून "थोडंसंच वाढलंय" असं कोणी म्हणालं तर मानू नका. जीजीटी हे लिव्हरचं आणखी एक एन्झाइम, ते फॅटी लिव्हरने, फिटच्या (आकडीच्या) काही गोळ्यांनीपण वाढतं, एकट्याने ते काही सिद्ध करत नाही, पण दारू थांबवली की काही आठवड्यांत उतरायला लागतं आणि ते उतरताना बघून माणसाला हुरूप येतो, हे मी पेशंटमध्ये बघितलंय.

पण महत्त्वाचं: रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका दिवसात बंद करू नका. हात थरथरणं, भ्रम, फिट असं होऊ शकतं, जीवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. आणि डोळे पिवळे, पोट फुगलेलं, काळी शी, बोलण्यात गोंधळ ह्यातलं काहीही दिसलं तर ओपीडीची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टी.

प्रश्न: वय 26, जिम करतो. एसजीओटी 96, एसजीपीटी 58. ऑनलाइन फिब-4 काढलं, घाबरलोय.
— वास्को

उत्तर: 35 च्या खाली फिब-4 भरवशाचं नाही, ते विसरा. एसजीओटी मसलमध्येपण असतं, जड वजनं उचलल्यावर दोन्ही चढतात. आठ-दहा दिवस जिम बंद ठेवून परत करा, सोबत सीपीके (हे मसलचं एन्झाइम) आणि जीजीटी. सीपीके खूप वाढलेलं आणि जीजीटी नॉर्मल असेल तर बहुतेक मसलचंच आहे. तरी हेपॅटायटिस बी आणि सी तपासा, आणि जे काही घेता, पावडर, फॅट बर्नर, ग्रीन टीचा अर्क, अश्वगंधा, कोणी दिलेलं इंजेक्शन, सगळं बंद करून त्या डब्यांचे फोटो डॉक्टरांना दाखवा. ह्यातल्या काहींनी लिव्हरला इजा झालेली आहे, आणि पेशंट ते औषध धरत नाहीत म्हणून सांगतच नाहीत.