अडीच टनांचा ट्रेलर: इंजिनाची ताकद सगळ्यात शेवटी बघा

बोट, तिचं इंजिन, इंधन आणि ट्रेलर मिळून २,४०० किलो. ती ओढायला तुम्ही पसंत केलेल्या गाडीच्या माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता २,५०० किलो. मग अडलंय कुठे, असं तुम्ही विचारलंय. अडलंय ते असं की तो २,५०० चा आकडा बहुतेक वेळा गाडी जवळपास रिकामी असतानाच खरा असतो, आणि तुम्ही निघणार चौघं, सामानासकट.

मॅन्युअल उघडून आणखी तीन आकडे शोधा: सामान-माणसांसह गाडीचं कमाल वजन, गाडी आणि ट्रेलरचं मिळून कमाल वजन, आणि गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या हुकावर चालणारा कमाल भार. समजा, गाडी रिकामी १,९०० किलोंची, भरून जास्तीत जास्त २,५००, आणि ट्रेलरसकट ४,६००. गाडी पूर्ण भरली की ट्रेलरच्या वाट्याला २,१०० किलोच उरतात. तुमची बोट तिथेच बाद झाली, आणि इंजिनाचा विषय अजून निघालेलाही नाही.

हुकावरचा भार तर बहुतेक जण हिशेबातच धरत नाहीत. ट्रेलरचं तोंड हुकावर खाली दाबतं. अमेरिकेत हा दाब ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात. युरोपी गाड्यांची मर्यादा बरीच कमी असते, म्हणून तिथे तो कमी धरतात. १० टक्के धरले तरी तुमच्या बाबतीत २४० किलो झाले, आणि ते गाडीतल्या सामानातच मोजायचे. वरच्या उदाहरणात गाडीला ६०० किलो चालतात. त्यातून २४० गेले, चार माणसांचे ३०० गेले, उरले ६०. त्यातच हुकाचं लोखंड आणि तुमच्या बॅगा. शिवाय हूक मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे मागचा एक्सल (चाकांच्या जोडीचा आस) २४० पेक्षा जास्त दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग 'तरंगतंय' असं लोक म्हणतात ते यामुळेच.

माझी पहिली गाडी मी ताकद बघून घेतली होती. चढ ती हसत चढायची. पण दोन एक्सलमधलं अंतर कमी, आणि मागे हुकापर्यंतचा भाग लांबलचक. त्यात हूक दबू नये म्हणून मी शहाणपणा करून ट्रेलरमधलं जड सामान मागे सरकवलं. एका उतारावर नव्वदच्या आसपास ट्रेलर शेपूट हलवू लागला. तिसऱ्या हेलकाव्याला गाडी मी चालवत नव्हतो, ट्रेलर चालवत होता. ब्रेक दाबला नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, म्हणून वाचलो. (वेग वाढवला की ट्रेलर सरळ होतो, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.)

तेव्हापासून मी आधी गाडीचा सांगाडा बघतो: दोन एक्सलमधलं अंतर लांब, मागच्या एक्सलपासून हुकापर्यंतचं अंतर कमी, आणि गाडी स्वतः वजनदार. ब्रिटनमधले कॅराव्हॅनवाले (गाडीमागे चाकांवरचं घर ओढणारे) नवशिक्यांना सांगतात की ट्रेलर रिकाम्या गाडीच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नको. त्या हिशेबाने तुम्हाला २,८०० किलोंची गाडी लागेल. इतका हट्ट मी धरणार नाही, पण गाडीपेक्षा जड ट्रेलर पहिल्याच वर्षी जुंपू नका. म्हणजे शिडीसारख्या चॅसीवरची (खालच्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावरची) मोठी एसयूव्ही किंवा पिकअप.

ब्रेकबद्दल घासाघीस नको. युरोपात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. तुमच्याकडे नियम काहीही असो, २,४०० किलोंना ते हवेतच. ८० ऐवजी १०० च्या वेगाने गेलात तर थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. बोटीच्या ट्रेलरचे ब्रेक खाऱ्या पाण्यात गंजतात, तेव्हा दरवेळी गोड्या पाण्याने धुवा.

आता इंजिन. कमी आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) भरपूर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर हवा, म्हणून टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं) डिझेल सोयीचं. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटर उंचीला साधारण १० टक्के ताकद गमावतं. गिअरबॉक्स मी टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा) ऑटोमॅटिकच घेईन, कारण पाण्यात उतरणाऱ्या ओल्या रॅम्पवरून बोट वर ओढताना मॅन्युअलचा क्लच जळायला वेळ लागत नाही. मात्र गिअरबॉक्सच्या तेलाला वेगळा कूलर हवा. त्याच रॅम्पवर पुढच्या चाकांवर चालणारी गाडी जागीच चाकं फिरवत बसते, म्हणून फोर-व्हील ड्राइव्ह, आणि लो-रेंज (हळू पण जोरात ओढणारे जादा गिअर) असेल तर उत्तमच. इलेक्ट्रिक गाड्या ओढतात झकास, पण एका चार्जमधलं अंतर निम्म्यावर येऊ शकतं.

क्षमतेचा आकडा 'एसएई जे२८०७' या ओढण्याच्या क्षमतेच्या अमेरिकी प्रमाणित चाचणीप्रमाणे दिलेला असेल तर मी त्यावर जास्त विश्वास ठेवतो. त्यात ट्रेलर जोडून, एसी पूर्ण चालू ठेवून, ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ उन्हाळ्याच्या उष्णतेत चढावा लागतो.

बयाणा देण्याआधी एक करा. ते २,४०० किलो तुम्ही बोट आणि ट्रेलरच्या कागदांवरून जोडलेले दिसतात. टाकी भरून, नांगर-दोर, लाइफ जॅकेट सगळं टाकून ट्रेलर वजनकाट्यावर न्या. माझा अंदाज, २,६०० च्या आसपास निघेल.