‘मी’ म्हणणारा कोण?

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी वाचली. सारी हकीकत तिची नायिका, लहानपणी लग्न होऊन पुढे विधवा झालेली यमू, स्वतःच सांगते, तेव्हा या पुस्तकाला आत्मचरित्र का म्हणू नये, असे काहींचे म्हणणे पडले, तर पुरुषाने स्त्रीच्या तोंडून ‘मी’ म्हणावे हेच काहींना खटकले. शिवाय शाळेत शिकलेल्या उपमा, उत्प्रेक्षा, रूपक या अलंकारांचा अशा वाचनात काही उपयोग होतो का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आत्मचरित्रात मुखपृष्ठावरचे नाव आणि आतला ‘मी’ ही एकच व्यक्ती असते आणि घडले ते सांगते आहे, अशी हमी ती वाचकाला देते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये ही हमी आहे. हरिभाऊंच्या पुस्तकात लेखक एक आणि निवेदक दुसरीच, तीही कल्पिलेली. म्हणून ती कादंबरीच, मग आत्मकथनाचा आभास कितीही दाट असो.

पुरुषाने स्त्रीचा ‘मी’ घेण्याविषयीचा आक्षेप मात्र सावकाश तपासण्याजोगा आहे. हरिभाऊंनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि ही कादंबरी त्यातूनच क्रमशः प्रसिद्ध झाली. बालविवाह, वैधव्य आणि केशवपन यांवर त्या काळी सभांतून आणि वृत्तपत्रांतून वाद चाललेच होते, पण तेथे विधवा हा चर्चेचा विषय असे, बोलणारी क्वचितच. सर्वज्ञ निवेदकाने हीच गोष्ट तृतीयपुरुषात सांगितली असती, तर त्याला सासरच्या प्रत्येक माणसाच्या मनात डोकावता आले असते, प्रत्येकाची बाजू मांडता आली असती आणि वाचकालाही न्यायाधीशाच्या आसनावर बसून हळहळता आले असते. यमूच्या ‘मी’ने ते आसनच काढून घेतले. तिला दिसेल तेवढेच आपल्याला दिसते, आणि तिच्यावर बळजबरी होते तेव्हा आपणही त्याच खोलीत असतो. म्हणून मला हरिभाऊंची ही निवड धाडसाची आणि योग्य वाटते. तिने स्त्रियांच्या स्वतःच्या लेखनाची जागा भरून काढली, असे मात्र म्हणता येणार नाही. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910 मध्ये आले, ते शेजारी ठेवून वाचल्यास कल्पिलेला आणि जगलेला ‘मी’ यांतील अंतर मंडळाला आपोआप जाणवेल.

आणखी एक बारकावा असा, की या कादंबरीत यमू दोन आहेत : जिच्यावर प्रसंग ओढवतात ती अजाण मुलगी आणि पुढे ते आठवून सांगणारी, सोसून शहाणी झालेली बाई. लहानगीला जे कळत नाही त्याचा अर्थ मोठीला ठाऊक असतो, आणि पुष्कळ ठिकाणी करुण रस याच फटीतून झिरपतो. पुन्हा वाचताना ‘हे आता कोण बोलते आहे, तेव्हाची यमू की नंतरची?’ असे मधूनमधून विचारून पाहावे.

अलंकारांचा उपयोग येथेच होतो. ‘घर तुरुंगासारखे होते’ ही उपमा, ‘घर जणू तुरुंगच’ ही उत्प्रेक्षा आणि ‘घर म्हणजे तुरुंग’ हे रूपक, एवढे शाळेत पाठ होते. पण ही तुलना कोणाला सुचली, हे तेथे सहसा विचारले जात नाही. समजा, माजघराबाहेर फारसे जग न पाहिलेली आठ वर्षांची मुलगी निवेदन करते आहे. तिने तुरुंग कोठे पाहिला? ती कदाचित म्हणेल, ‘झाकण लावलेल्या कणगीत बसल्यासारखे वाटे.’ ‘तुरुंग’ हा शब्द तिच्या तोंडी आला, तर तेथे मोठेपणीची ती बोलते आहे किंवा लेखक स्वतःच मध्ये डोकावला आहे, असे समजावे. पुढच्या बैठकीत एकच प्रकरण घेऊन त्यातल्या उपमांखाली खूण करा आणि प्रत्येक उपमा कोणत्या यमूची, हे ठरवून पाहा. काही जागी तुमचे एकमत होणार नाही, आणि त्या जागा आम्हाला जरूर कळवा.