क्वाडट्रॅक घ्यावा की दोन पट्ट्यांचा फेंट?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतासाठी चाकांऐवजी रबरी पट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर घ्यायचाय, तर केस आयएच कंपनीचा चार पट्ट्यांचा क्वाडट्रॅक की फेंट कंपनीचा दोन पट्ट्यांचा ११०० एमटी, असं तुम्ही विचारलंय. मी आधी शेताचा आकार बघेन. दोन पट्ट्यांचा ट्रॅक्टर वळताना आतल्या बाजूचा पट्टा मंदावतो, माती खरवडतो आणि धुऱ्याजवळ तिचा ढीग करतो. अवजार जमिनीत असेल तर जास्तच. क्वाडट्रॅक मधोमध वाकून वळतो, त्यामुळे वळतानाही चारही पट्टे ओढत राहतात. वळणं खूप असतील तर तोच घ्या. लांब, सरळ ओळींना फेंट छान, शिवाय बदलायचे पट्टेही दोनच. डांबरी रस्त्यावर रोज लांब धावायचं असेल तर दोन्हींचं रबर तापून झिजतं. आणि हो, ऐन पेरणीत सुटा भाग लगेच देणारा डीलर जवळ कोणाचा आहे, ते नक्की विचारा.