नियम मोडल्यानंतरचा नियम

प्रश्न : आमच्या प्रणालीत ग्राहकाची वैयक्तिक माहिती ठरलेल्या मुदतीत पुसून टाकली पाहिजे, असा नियम आहे. तो मी साध्या ‘जर–तर’ अटीने लिहितो आणि काम भागते. मग बंधन आणि परवानगी यांचे वेगळे तर्कशास्त्र संगणकशास्त्राला कशासाठी लागते?

उत्तर : तुमच्या नियमातील ‘पाहिजे’ या शब्दासाठी. ‘मुदत संपलेली माहिती पुसलेली असते’ हे विधान एका नोंदीनेही खोटे पडते; ‘पुसली पाहिजे’ हा नियम मात्र माहिती तशीच पडून राहिली तरी कायम असतो, आणि तो कायम असतो म्हणूनच नियमभंग झाला असे म्हणता येते. नियम वस्तुस्थिती म्हणून लिहिला, की न पुसलेली नोंद सापडताच प्रणालीच्या गृहीतकांत विसंगती येते, आणि प्रचलित तर्कशास्त्रात विसंगतीतून वाटेल तो निष्कर्ष निघू शकतो.

फिनलंडचे तत्त्वज्ञ गेओर्ग हेन्रिक फॉन राइट यांनी १९५१ मध्ये या तर्काची आधुनिक मांडणी केली : जे न करण्याची मुभा नाही ते बंधन, आणि जे करण्याची मुभा नाही त्याला मनाई. व्याख्या सुटसुटीत आहेत. कस लागतो तो नियम मोडल्यावर. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉडरिक चिझम यांनी १९६३ मध्ये दाखवलेला पेच तुमच्याच उदाहरणात मांडतो. माहिती पुसावी, पुसली तर इशारा पाठवू नये, पुसली नाही तर पाठवावा, आणि माहिती पुसलेली नाही. वाचणाऱ्याला यात काहीच खटकत नाही. परंतु रूढ पद्धतीने सूत्रे लिहिली, तर पहिल्या दोन वाक्यांतून ‘इशारा पाठवू नये’ आणि उरलेल्या दोहोंतून ‘पाठवावा’ अशी परस्परविरुद्ध बंधने एकाच वेळी हाती येतात. मला हाच या विषयाचा गाभा वाटतो, कारण ‘तसे न झाल्यास’ या शब्दांनी सुरू होणारी कलमे अनेक करारांत असतात.

डच संगणकशास्त्रज्ञ जॉन-जूल्स मेयर यांनी १९८८ मध्ये सुचवलेला मार्ग प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला जवळचा वाटेल : जी कृती केल्यावर प्रणाली नियमभंगाच्या अवस्थेत पोहोचते, ती निषिद्ध.

परवानगीबाबत एवढेच, की मनाई नसणे आणि स्पष्ट मुभा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत; नियम मूक असेल तेथे प्रवेश द्यायचा की नाकारायचा, हे आधीच ठरवून लिहावे लागते.

तुमच्या प्रणालीत ‘पुसणे बाकी’, ‘पुसले’ आणि ‘मुदत उलटूनही न पुसलेले’ या तीन अवस्था वेगळ्या ठेवा आणि इशाऱ्याचे बंधन फक्त तिसरीला जोडा.