घोटा मुरगळला, एक्स-रे नॉर्मल आला. पट्टी बांधून मुलाने कबड्डी खेळली तर चालेल का?

पट्टीचं शेवटी सांगते. आधी तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याबद्दल बोलायचंय, कारण ते वाचून डोकं उठलं: "सरांनी मैदानातच पाय ओढून बसवला, कट्ट असा आवाजही आला."

काय बसवलं? घोट्याचा सांधा खरंच निखळला असता तर चौदा वर्षांच्या पोराने कुणाला पायाला हात लावू दिला नसता. घोटा निखळतो तेव्हा बहुतेक वेळा सोबत हाडही मोडतं, पाऊल वाकडं दिसतं आणि ते जागेवर आणायचं काम इस्पितळात, भूल देऊन होतं. मुरगळण्यात कुठलंच हाड जागा सोडून बसलेलं नसतं. लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा बंध, ताणलेलं किंवा फाटलेलं असतं. फाटलेली गोष्ट ओढून कशी बसेल?

राहिला आवाज. सांध्यात थोडा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेला असतो. दोन हाडं झटक्यात दूर ओढली की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. बोटं मोडताना हेच घडतं. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या लोकांनी एमआरआयमध्ये बोट ओढून ही पोकळी होताना टिपली. आवाज पोकळी होताना येतो की कोसळताना, यावर अजून वाद आहे, पण तो हाड बसल्याचा नाही यावर कुणाचाच वाद नाही. एकदा आवाज आला की त्याच सांध्यातून पुन्हा यायला वीसेक मिनिटं जावी लागतात. म्हणून सर लगेच दुसऱ्यांदा ओढतात तेव्हा आवाज येत नाही, आणि भोवतीची मंडळी माना डोलावतात: बसला! उसण भरल्यावर पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्यात निदान कुणी पाठ ओढत तरी नाही.

आता घोट्याकडे या. नडगीचं जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचं बारीक फिब्युला, या दोघांची खालची टोकं म्हणजे आतला आणि बाहेरचा घोटा. त्यांच्या मधल्या खाचेत टॅलस नावाचं हाड बसतं. उभं राहिलं की शरीराचा भार याच्यावरून पावलात उतरतो, पण त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. त्याला जागेवर ठेवतात ती आजूबाजूची हाडं आणि लिगामेंटं. टॅलसचा वरचा भाग पाचरेसारखा आहे, पुढे रुंद आणि मागे अरुंद. पाऊल नडगीकडे उचललं की रुंद भाग खाचेत शिरतो आणि सांधा आवळला जातो. टाच उचलून चवड्यावर आलं की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. उडी मारून उतरताना, चढाईत बोनस घेऊन मागे वळताना, तुमचा मुलगा नेमका चवड्यावर असतो.

दोन्ही घोट्यांवर बोट ठेवून पाहा. बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा साधारण १ सेंटिमीटर खाली आलेला सापडेल. त्यामुळे पाऊल बाहेर वळायला लागलं तर हाडाचा अडसर लवकर येतो, आत वळताना तेवढा येत नाही. त्यात आतल्या अंगाचं डेल्टॉइड लिगामेंट रुंद आणि दणकट. म्हणून मुरगळणारे बहुतेक घोटे आतच वळतात आणि दुखतं बाहेरच्या अंगाला. खरं तर हे आत-बाहेर वळणं मुख्यतः घोट्याच्या सांध्यात होतच नाही, ते त्याच्या खालच्या, टॅलस आणि टाचेच्या हाडामधल्या सांध्यात होतं. घोटा मुख्यतः वर-खाली हलतो.

बाहेरच्या अंगाला तीन लिगामेंटं आहेत. पुढचं, ज्याला आम्ही एटीएफएल म्हणतो, फिब्युलाच्या टोकाच्या पुढच्या कडेपासून टॅलसपर्यंत जातं. जेमतेम २ सेंटिमीटर लांब, चपटं. पाऊल खाली झुकलेलं असताना सगळा ताण यावर येतो आणि तिघांत हेच सर्वांत कमजोर. प्रयोगशाळेत ते १४० न्यूटनच्या आसपास तुटलेलं आहे, म्हणजे १४ किलो वजन टांगल्याएवढ्या ओढीला. मधलं, सीएफएल, टाचेच्या हाडाला जातं आणि दुपटीहून जास्त ओढ सोसतं. ते सहसा पहिलं तुटल्यावरच तुटतं. तिसरं मागे असतं आणि क्वचितच फाटतं. यांतलं एकही एक्स-रेत दिसत नाही. 'नॉर्मल' याचा अर्थ हाड मोडलेलं दिसलं नाही, एवढाच. त्यावरून "काही झालेलं नाही" असं म्हणणं हा दुसरा मूर्खपणा, आणि तो शिकलेली माणसंही करतात.

मैदानावरच्या सरांशी माझं हे भांडण जुनं आहे. खो-खोचे एक सर होते, "खेळलं की पाय मोकळा होतो" हे त्यांचं औषध. त्यांच्या संघातल्या एका मुलीचा घोटा खांबाला वळसा घेताना आत गेला. ओढला, आवाज काढला, आंबेहळदीचा लेप लावला आणि चौथ्या दिवशी पोरगी मैदानात. त्या मोसमात तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळत राहिला, शेवटी सपाट रस्त्यावर चालतानाही. सरांचं निदान: "तिचे घोटेच नाजूक."

तपासणीत काय निघालं? टाच धरून पुढे ओढून पाहिली तर दोन्ही घोटे जवळजवळ सारखेच. म्हणजे सांधा फारसा सैल नव्हताच. पण त्या पायावर डोळे मिटून तिला पाच सेकंदही उभं राहता येईना. लिगामेंट म्हणजे नुसता बंध नाही, त्यात मज्जातंतूंची टोकं असतात आणि पाऊल कुठे, किती वळलंय याची खबर ती मेंदूला देतात. लिगामेंट फाटलं की ही खबरही बिघडते. त्यात पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे पेरोनियल स्नायू, जे पाऊल आत जाण्यापासून परत खेचतात, ते उशिरा आणि कमी जोराने लागतात. धडधाकट माणसातही घोटा वळू लागल्यापासून या स्नायूंत पुरता जोर येईपर्यंत सेकंदाचा दहावा भाग निघून जातो आणि मुरगळणं तेवढ्यात उरकतं. म्हणून पाऊल जमिनीला टेकण्याच्या आधीच हे स्नायू तयार असावे लागतात. ती तयारी सरावाने येते.

दुसरी गोष्ट: त्या मुलीचा गुडघा पावलाच्या पुढे जात नव्हता. टॅलस खाचेत मागे सरकायला हवं, ते मुरगळल्यावर आखडतं. खो-खोत खाली बसायचं आणि 'खो' मिळाला की उसळून उठायचं, त्याला ही हालचाल पुरी लागते. ती नसली की टाच लवकर उचलली जाते, पोरगी चवड्यावर येते, सांधा सैल. पुढचं वर आलंच आहे. नाजूक-बिजूक काही नाही. हे सगळं दाखवूनही सर म्हणाले, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." होतं. त्यांच्या वेळच्या किती जणांना आज खडीवरून नीट चालता येतं, ते त्यांनाच विचारा.

तुमच्या मुलाला तीन आठवडे झालेत आणि अजून थोडी सूज आहे. फाटलेल्या जागी पहिले काही दिवस सूज-रक्त, मग सहाएक आठवडे कच्चं कोलॅजन, म्हणजे लिगामेंट ज्या तंतूंचं बनतं ते, भरत जातं, मग ते पक्कं होऊन ओढीच्या दिशेने रचलं जातं. हे शेवटचं काम वर्षभरही चालतं. म्हणजे दुखणं थांबलं तेव्हा लिगामेंट अजून कच्चंच असतं. पण त्याला अजिबात ओढ दिली नाही तर ते नीट रचलंही जात नाही, म्हणून किरकोळ मुरगळीला तीन आठवडे प्लास्टर घालणाऱ्यांशीही माझं पटत नाही. दुखापत मोठी असेल तर जास्तीत जास्त दहा दिवस पाय बांधून ठेवा, नंतर चालतं करा. चोळणं मात्र पहिले तीन दिवस बंद. लेप लावायचा तर थंड लावा, घासू नका. बर्फाने दुखणं कमी होतं, बरं लवकर होत नाही. १९७८ साली बर्फ-विश्रांतीचा मंत्र देणारे डॉक्टर गेब मर्किन यांनीही पुढे बर्फाबद्दलचं मत बदललं.

आता काय करायचं. भिंतीकडे तोंड करून पाऊल ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि पाऊल जास्तीत जास्त किती मागे नेता येतं ते अंगठ्यापासून भिंतीपर्यंत मोजपट्टीने मोजा. दोन्ही पायांतला फरक २ सेंटिमीटरहून जास्त असेल तर तीच हालचाल रोज, दहा-दहाच्या तीन फेऱ्या. जुन्या सायकलची ट्यूब पलंगाच्या पायाला बांधून चवड्यात अडकवा आणि पाऊल बाहेर ढकला, पंधराच्या तीन फेऱ्या. परत येताना सावकाश, कामाचा भाग तोच आहे. एका पायावर टाचा उचला, चांगल्या पायावर जितक्या जमतात तितक्या जमल्या पाहिजेत. एका पायावर तीस सेकंद उभं राहणं, आधी डोळे उघडे, मग मिटून, मग दुमडलेल्या सतरंजीवर. हे जमलं की एका पायाच्या उड्या, पुढे आणि आडव्या. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या नव्वद टक्के तरी जायला हवी, आणि उतरताना घोटा डगमगला नाही पाहिजे. मग वळणं, मग अर्ध्या वेगाने चढाई. घोटा पकड सर्वांत शेवटी, कारण त्यात चवड्यावर असलेला पाय दुसराच कुणीतरी पिळतो.

तुमची तालुका स्पर्धा दहा दिवसांवर आहे. वरचं सगळं तोवर जमलं आणि दुसऱ्या दिवशी सूज वाढली नाही, तर खेळू द्या. नाही तर नको. मुरगळलेल्यांपैकी पाचात एकाला तरी पुढे घोट्याची कुरबुर कायमची लागते, आणि आधीची मुरगळ हे पुढच्या मुरगळीचं सर्वांत भरवशाचं कारण आहे.

पट्टी: मेडिकलवाले देतात ती मोज्यासारखी लवचिक अँकलेट घोटा अडवत नाही, त्वचेला जरा भान देते इतकंच. क्रेप बँडेज सूज दाबायला ठीक, खेळायला नाही, घामाने अर्ध्या तासात सैल होतं. लेस बांधायची आणि दोन्ही अंगांनी आडवे पट्टे असलेली ब्रेस घ्या. पातळ मोज्यावर घाला, बुटात मावते का ते दुकानातच पाहा. मॅटवर बुटाशिवाय खेळत असेल तर चिकटपट्टी मारून घ्यावी लागेल, पण ती जाणत्या हातानेच. पुन्हा मुरगळणं ब्रेसने खरंच कमी होतं, पण व्यायामाऐवजी ती चालत नाही. किमान सहा महिने खेळताना घालू द्या.

हे आधीच सांगायला हवं होतं: मुलगा चौदाचा आहे, म्हणजे फिब्युलाच्या खालच्या टोकाशी वाढीची कूर्चा, हाड जिथून लांबीला वाढतं तो मऊ थर, अजून उघडी आहे. बाहेरच्या घोट्याच्या टोकापासून १-२ सेंटिमीटर वर, थेट हाडावर दाबून दुखतंय का पाहा. तिथली न सरकलेली इजा एक्स-रेत लपू शकते. पूर्वी अशा प्रत्येक मुलाला कूर्चेची इजा समजून प्लास्टर घालत, एमआरआय आल्यावर कळलं की त्यांच्यातही बहुतेकांचं लिगामेंटच दुखावलेलं असतं. तरी तीन आठवड्यांनंतरही हाडावर दुखत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना पुन्हा दाखवा. करंगळीमागच्या हाडाच्या फुगीर टोकावर दुखत असेल, चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा दुखणं घोट्याच्या वर दोन हाडांच्या मध्ये असेल आणि पाऊल बाहेर फिरवल्यावर वाढत असेल, तरीही तेच. या शेवटच्या प्रकाराला वेळ बराच जास्त लागतो आणि वरचं वेळापत्रक त्याला लागू नाही. आणि दोन महिन्यांनीही सांध्यात खोल ठणका, मधूनच अडकल्यासारखं होणं असं असेल तर टॅलसच्या कूर्चेसाठी एमआरआय करून घ्या. तोवर सरांना पाय ओढू देऊ नका.