लिंक्डइनवर माणसं इतकी गोड कशी वागतात?

तुम्ही विचारलंय की फेसबुकवर आणि एक्सवर तावातावाने भांडणारी तीच माणसं लिंक्डइनवर गेली की एवढी गोड कशी होतात, आणि हा गोडवा खरा समजायचा का. मी पुण्यात एचआरमध्ये आहे, रोजचे दोन-तीन तास तिथेच जातात. जे दिसलं ते सांगते.

बहुतेक जण म्हणतील, तिथे खऱ्या नावाने वावरावं लागतं म्हणून. मला हे अर्धंच पटतं. खरं नाव फेसबुकवरही असतंच की! पण तिथे मावसभावाशी वाजलं तर फार तर दिवाळीला फराळाचा डबा येत नाही. लिंक्डइनवर नावाखाली हुद्दा आणि कंपनी असते, आणि वाचणाऱ्यांत आत्ताचा साहेब, जुना साहेब आणि होऊ घातलेला साहेब, तिघेही बसलेले असतात.

माझंच उदाहरण देते. एका गृहस्थांनी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, कशी काढायची यावर पोस्ट टाकली होती. मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 30, गुणिले नोकरीची वर्षं. भागायचं असतं 26ने, कारण महिन्याचे कामाचे दिवस तेवढे धरतात. 26 हजार पगारावर दहा वर्षं केलेल्या माणसाला दीड लाख मिळायला हवेत, यांच्या हिशोबाने एक लाख तीस हजारच. मी तडकून टाइप केलं, ‘अहो, आधी ग्रॅच्युइटीचा कायदा उघडून तरी बघा.’ पाठवणार तोच हुद्द्याकडे लक्ष गेलं. आमच्या एका मोठ्या ग्राहक कंपनीचे प्लांट हेड! सगळं खोडलं आणि लिहिलं, ‘फार उपयुक्त माहिती, सर. एक छोटीशी भर घालू का?’ फेसबुकवर कुणा अनोळखी माणसाला मी असा सोडला नसता.

भाषेचाही हात आहे यात. आपल्याकडचे बहुतेक लोक तिथे इंग्रजीत लिहितात, तेही ऑफिसच्या इंग्रजीत. खवचटपणा मराठीत जसा जिभेवर येतो तसा त्या इंग्रजीत येत नाही. ‘कळवण्यास आनंद होतो की’ या थाटाच्या पोस्टी वाचल्या की मला लग्नपत्रिकाच आठवते. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ छापलेल्या कागदावर कोण भांडण काढणार?

साइटची घडणही तशीच. फेसबुकवर 2016पासून रागाचं लाल तोंड आहे, लिंक्डइनवर टाळ्या आहेत, आधार आहे, हसू आहे, राग नाही. आणि तिची बरीचशी कमाई आमच्यासारख्या भरती करणाऱ्यांकडून होते, नुसत्या जाहिरातींवर तिचं पोट नाही. भांडणाऱ्या माणसांत उमेदवार शोधायला आम्ही कशाला पैसे मोजू?

आता गोडवा खरा का, ते. एक मुलगी नोकरी सोडताना माझ्यासमोर चाळीस मिनिटं रडत होती, मॅनेजरने तिला पार पिळून काढलं होतं. दुसऱ्या दिवशी तिची पोस्ट आली: सुंदर प्रवास, सगळ्यांची ऋणी, वगैरे. खाली पहिलं अभिनंदन त्याच मॅनेजरचं. मी पण टाळ्या वाजवल्या, काय करणार.

पण सगळंच नाटक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. 2020मध्ये माझी नोकरी गेली तेव्हा मी तिथे पोस्ट टाकली. दोनेकशे लोकांनी चिन्हं दाबली, ‘धीर धरा’ छापाच्या कॉमेंटी आल्या, त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. तीन जणांनी मात्र मेसेज करून बायोडेटा मागवला. त्यातल्या नाशिकच्या एका बाई, ज्यांना मी आजवर भेटलेली नाही, फोनवर तासभर माझा बायोडेटा ओळ न् ओळ सुधारत बसल्या आणि मग दोन ठिकाणी स्वतः पाठवला. दुसऱ्या ठिकाणी काम झालं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973मध्येच मांडलं होतं की नोकरीची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून मिळण्याची शक्यता जास्त. जिवलगांना बहुधा तेच ठाऊक असतं जे आपल्यालाही ठाऊक असतं. फेसबुकवर मी नोकरी गेल्याचं लिहिलंच नव्हतं. तिथे आत्या आहेत.

तेव्हा ‘अभिनंदन’ आणि ‘प्रेरणादायी’ला मी शून्य किंमत देते. कुणी नेमका प्रश्न विचारला, बायोडेटा मागितला, फोन नंबर दिला, तर त्या माणसाला धरून ठेवते.

त्या ग्रॅच्युइटीवाल्या साहेबांनी पोस्ट सुधारली का म्हणाल, तर नाही. अजून तिथे 30च आहे. माझ्या कॉमेंटला त्यांनी टाळ्या दिल्या.